नऊ लहान भोकं

...आणि पायमोजे! पायमोज्यांचं तर नावच काढू नका, कारण जूनपासून मी माझे स्वतःचे पाय जवळून पाहिलेले नाहीत. आहेत म्हणून सांगतात, असतील. सकाळी बायको, ग्लेनिस, खाली बसून त्यांना काहीतरी घालते आणि मी छताकडे बघत विचारतो, "डावा झाला का?" आणि तरी रस्त्यात भेटेल तो म्हणतो, "वा, ट्रेम्बाथ, किती ताठ दिसताय!" पोस्टात म्हणतात, पावाच्या दुकानात म्हणतात, परवा पेट्रोल पंपावरच्या पोरीनेही म्हटलं... ताठ दिसतोय! अहो, विजेचा खांबही ताठ दिसतो. त्याला कुणी कधी विचारलंय का, की बाबा रे, तुझ्या बुटांच्या नाड्या कोण बांधतं?

आणि हे सगळं कशाने झालं? मोठ्या ऑपरेशनने? छे! भोकांनी. नऊ भोकांनी. डॉक्टरीणबाईंनी अंगठा आणि बोट यांच्यात एवढंसं अंतर ठेवून दाखवलं होतं, "भोकं अगदी लहान असतात, मिस्टर ट्रेम्बाथ. अगदी लहान!"

तुम्हाला सांगतो, मोठ्या जखमेचं एक बरं असतं. आमच्या क्लबात एकाचं हृदयाचं झालं, गळ्यापासून बेंबीपर्यंत टाके. तो उन्हाळ्यात नदीवर सदरा काढतो तेव्हा लोक उठून त्याला खुर्ची देतात, थंड बिअर आणून देतात, बायका "बिचारा" म्हणतात. मी सदरा काढला तर काय दिसतं? डास चावल्यासारखं दिसतं! एका बाईंनी मला मलम सुचवलं!

तर पहिल्यापासून सांगतो... म्हणजे अगदी पहिल्यापासून नको, मी पहिल्यापासून सांगायला लागलो की ग्लेनिस लगेच म्हणते, "झालं, तास सुरू झाला." तेहतीस वर्षं ॲडलेडच्या कॉलेजात पाटपाणी शिकवलं मी. कालवे, उतार, पाणी कुठून नेलं की कुठे जातं. डॉक्टरेट आहे, दोन पुस्तकं आहेत, ती कुणी वाचली नाहीत हा भाग वेगळा, आणि खरं सांगू का, वाचायला हवी होती असं आता मलाही वाटत नाही. निवृत्त झालो आणि आमच्या कुरींगाला परत आलो. मरे नदीच्या वळणावरचं गाव, संत्र्याच्या बागा, एक पब, एक पोस्ट, आणि बोल्सचा क्लब. बाकी काही नाही, आणि बाकी काही लागतही नाही.

आता बोल्स म्हणजे कसं, तर हिरवळीच्या त्या टोकाला एक छोटा पांढरा चेंडू असतो आणि आपले मोठे काळे चेंडू त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. एवढंच. पोरासोरांना वाटतं, यात काय आहे! अरे, यात काय आहे? चेंडू मुद्दाम एका अंगाला कललेला बनवलेला असतो! तो सरळ जातच नाही, कितीही जोर लावा, वळणच घेतो, आणि ते वळण ओळखण्यात माणसाची चाळीस वर्षं जातात. आणि तो टाकायचा वाकून. पार वाकून, हाताला गवत लागलं पाहिजे. वरून सोडला की 'थप्प' होतं, गवतात खळगा पडतो, आणि हिरवळीत खळगा पाडणाऱ्याकडे आमच्या गावात ज्या नजरेने बघतात ना, त्या नजरेने बँक लुटणाऱ्याकडेही बघत नाहीत.

चौघांचा संघ असतो. आमच्यात ग्लेनिस पहिली टाकायची, मी शेवटी. शेवटी टाकतो तो कप्तान. शनिवारचा पहिला संघ, त्याची पहिली चौकडी, आणि तिचा कप्तान मी. बारा वर्षं! हे मला डॉक्टरेटपेक्षा... नाही, खरंच सांगतो. जास्तच.

पण पाठ! पाठ साथ देईना. चाळिशीत जरा कलली होती, साठीत आणखी, आणि सत्तरीनंतर ती डावीकडे अशी निघाली की जणू तिला तिकडे कुणी बोलावतंय. एक्स-रे पाहिला तर काय, आमची मरे नदीच! इकडे वळण, तिकडे वळण, खाली पुन्हा इकडे. अडतीस अंश. एका पायात कळ अशी यायची की दोन डाव उभा राहिलो की तिसऱ्याला मला कुंपण धरावं लागायचं. कप्तान हिरवळीच्या त्या टोकाला उभा राहून बाकीच्यांना सांगतो ना, 'थोडा डावीकडून, थोडा कमी जोर', आणि इथे कप्तानच इतका डावीकडे कललेला की समोरच्याला कळेना, हा खूण करतोय की पडतोय!

गेल्या मार्चमध्ये, शेवटच्या सामन्यात, मी चेंडू टाकायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. उठताच येईना. दोघांनी उचलून नेलं मला, खुर्ची न्यावी तसं. कुंपणाशी आमच्या क्लबाचा अध्यक्ष क्लॅरी बसला होता. क्लॅरी नित्श्के, सत्त्याऐंशी वर्षांचा, दर शनिवारी त्याच एका बाकड्यावर बसतो, मांडीवर टोपी ठेवून. मला नेत होते तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मास्तर, बघ हं, उतार आहे तिथे." हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग ॲडलेड. मग डॉक्टर फाम. चाळिशीची बाई, पळायचे बूट घालून दवाखान्यात फिरते, बोलते इतकी गोड की आपण आजारी आहोत याचीच लाज वाटावी. मी तिच्यापुढे वही उघडली. सत्तेचाळीस प्रश्न! हसू नका. अहो, मी संशोधक माणूस, महिनाभर वाचन केलं होतं, ग्लेनिस म्हणालीच होती, "तू ऑपरेशन करून घ्यायला चाललायस की परीक्षा घ्यायला?" मी विचारलं संसर्ग किती टक्के, मी विचारलं रक्त किती जातं, हाडाची घनता किती लागते, भूल किती तासांची, स्क्रू सैल झाला तर काय... आणि ती प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होती. "पूर्वी काय करायचे, मिस्टर ट्रेम्बाथ, तर सगळी पाठ उघडायचे, स्नायू बाजूला सोलायचे. तुमच्या वयात ते फार होतं. आता आपण कुशीतून आत जातो, मणक्यांच्या मधे आधार ठेवतो, खचलेली बाजू वर उचलतो. मग दोन दिवसांनी पाठीतून स्क्रू आणि सळया, सगळं एक्स-रेवर बघत बघत. स्नायूंना फारसा धक्का नाही. आणि भोकं अगदी लहान!"

"आणि मणके मग... हलतील?" हा माझा सव्विसावा प्रश्न.

"जेवढे जोडू तेवढे नाही हलणार. जोडायचे म्हणजे कायमचे जोडायचे. वाकायचं ते गुडघ्यातून आणि कमरेच्या खुब्यातून. लोकांना सवय होते."

मी 'लोकांना सवय होते' असं वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. आणि सत्ताविसाव्या प्रश्नाकडे गेलो.

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, मग एक अठ्ठेचाळिसावा प्रश्न विचारायला काय झालं होतं? 'बाई, मला बोल्स खेळता येईल का?' एवढाच! डॉक्टरेट झालेला माणूस, रक्ताच्या थेंबाथेंबाचा हिशोब विचारतो आणि ज्यासाठी आलाय तेच विचारत नाही? नाही विचारलं. रात्र रात्र मी स्वतःला विचारलंय, का नाही विचारलं, आणि उत्तर इतकं साधं आहे की सांगायची लाज वाटते... मला तिचं उत्तर माहीत होतं. तिने ते तोंडाने म्हटलं असतं तर मी ऑपरेशन केलं नसतं, आणि न करावं तर तो पाय! तेव्हा मी प्रश्नच ठेवला नाही. हुशार माणसं अशीच करतात. साधा माणूस फसवला जातो, हुशार माणूस स्वतःची सोय करून घेतो.

ऑपरेशन झालं. पहिल्या दिवशी कुशीत तीन भोकं, तिसऱ्या दिवशी पाठीत सहा. आठ स्क्रू, दोन सळया. शुद्धीवर आलो तर डाव्या मांडीला स्पर्शच कळेना, जणू ती दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि माझ्याकडे ठेवायला दिलीय. "होतं असं," डॉक्टर फाम म्हणाल्या, "काही आठवड्यांत परत येईल." आली. पायातली कळ गेली. हो, गेली! मी कृतघ्न माणूस नाही. पाठीतल्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी चार पावलं टाकली, आठव्या दिवशी घरी. शेजाऱ्यांनी डोकावून बघितलं, "एवढ्यात आलास? मग मोठं काही नव्हतं वाटतं." मोठं काही नव्हतं! आठ स्क्रू आहेत माझ्यात! माझ्या शेडच्या छपराला सहा आहेत!

पण भोकं लहान ना. भोकं अगदी लहान.

मग तीन महिने तीन बंधनं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, वळायचं नाही. वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, आणि हे चौथं तर अजून चालूच आहे, कधी सुटेल ते विचारू नका. तुम्ही कधी विचार केलाय, माणूस दिवसातून किती वेळा वाकतो? मी केला. मोजलंच होतं, वहीत. जमिनीवर पडलेलं पेन तीन आठवडे पडलेलंच होतं, मी रोज त्याच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे बघायचं. आणि मॅगपाय! सप्टेंबरात ते पक्षी पिल्लांसाठी पिसाळतात, डोक्यावर झडप घालतात, सगळं गाव वाकून पळतं. आणि मी? मी ताठ! पोस्टापर्यंतच्या रस्त्यावर त्या एका पक्ष्याने मला असा ओळखून ठेवला होता की मी घरातून निघालो की तो तारेवर येऊन बसायचा.

आणि एक दिवस ग्लेनिस बाजारात गेली होती तेव्हा मी परसात चेंडू घेऊन गेलो. म्हटलं, गुडघ्यातून आणि खुब्यातून. डॉक्टर म्हणाल्या आहेत. लोकांना सवय होते. मी एक पाय पुढे टाकला, गुडघा वाकवला, आणखी वाकवला, आणि तुम्हाला सांगतो, गवत माझ्यापासून इतकं लांब कधीच नव्हतं! हात सोडला, चेंडू वरून पडला, थप्प! परसात हा एवढा खळगा. बरं, तेवढ्यावर थांबावं? नाही, आम्ही संशोधक! दुसरा गुडघाही टेकवला. आता हात गवताला लागला, चेंडू सुरेख सुटला, सुंदर वळण घेतलं त्याने, अगदी पूर्वीसारखं, आणि मी... मी तिथेच. उठता येईना. दोन्ही गुडघे मातीत, पाठ ताठ, चेहरा समोर, आणि तारेवर तो मॅगपाय. चाळीस मिनिटं! ग्लेनिस आली, पिशव्या खाली ठेवल्या, मला नीट बघितलं आणि म्हणाली, "लिंडसे, शहात्तराव्या वर्षी देव आठवला का रे तुला?"

मग राहिली काठी.

काठी म्हणजे हातभर लांब दांडा, टोकाला चेंडू धरणारी पकड, वर एक खटका. उभ्याने झुलवायची, खटका दाबायचा, चेंडू गवताला टेकून अलगद सुटतो. वय झालेले, गुडघे गेलेले लोक वापरतात. मी वापरून पाहिली आणि अहो, काय सांगू! पहिलाच चेंडू पांढऱ्याला खेटला. दुसरा त्याच्या मागे. पाय दुखत नव्हता, पाठ दुखत नव्हती, दहा वर्षांत पहिल्यांदा मी नुसता चेंडूकडे बघत होतो, माझ्या दुखण्याकडे नाही. माझे डोळे भरून आले. म्हटलं, लिंडसे, झालं! ऑक्टोबरात पहिला शनिवार, पहिली चौकडी, कप्तान!

आणि मग मला नियम आठवला.

आमच्या क्लबात एक नियम आहे. शनिवारच्या पहिल्या संघात काठी चालत नाही. बाकी सगळ्या जगात चालते, शेजारच्या गावात चालते, आमच्याच बुधवारच्या गमतीच्या खेळात चालते, फक्त आमच्या शनिवारच्या पहिल्या संघात नाही. का? तर बारा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावर चार पानी टिपण लिहिलं होतं. तळटिपांसकट! इतकं भारदस्त, इतकं मुद्देसूद की सभेत कुणाला तोंड उघडता आलं नाही. आणि हे असं तळटिपांसकट लिहिणारा दीडशहाणा कोण असेल या गावात?

बरोबर. मी.

आणि ते कुणासाठी लिहिलं होतं, तेही सांगून टाकतो, इतकं सांगितलंय तर. क्लॅरीसाठी. तेव्हा क्लॅरी पहिल्या चौकडीचा कप्तान होता आणि मी त्याच्या हाताखाली तिसरा. त्याचे गुडघे गेले, त्याने काठी घेतली, आणि काठीनेसुद्धा तो आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला खेळायचा. तेव्हा मला एकदम खेळाच्या शुद्धतेची काळजी वाटायला लागली. रात्र रात्र वाटायची! परंपरा, कौशल्य, हाताचा आणि गवताचा संबंध... मी हे सगळं मनापासून लिहिलं, हं. खोटं नाही लिहिलं. फक्त नियम मंजूर झाल्यावर कप्तान कोण होणार, हे मी तळटिपेत घातलं नाही.

गेलो क्लॅरीकडे. तो बाकड्यावरच होता, मटण भरलेली पेस्टी खात होता, मांडीवर टोपी, टोपीत सॉसची बाटली. म्हटलं, "क्लॅरी, तो काठीचा नियम... जुना झालाय रे."

"कुठला?" म्हणाला. बारा वर्षं ज्या नियमाने त्याला बाकड्यावर बसवलं तो त्याला माहीत नाही! चघळत राहिला. मग म्हणाला, "हां, तो. तुझा तो."

"वार्षिक सभेत मांडायचा का, रद्द करायला?"

"मांडू की," क्लॅरी म्हणाला. "दोन तृतीयांश मतं लागतील. मी देईन हात वर करून. सॉस हवा का?"

एवढंच! मी घरून त्याच्यासाठी दोन पानी खुलासा लिहून नेला होता, तो खिशातच राहिला. माणूस शिव्या देईल म्हणून आपण तयारीत जावं आणि त्याने सॉस पुढे करावा, याच्याइतकं वाईट काही नाही.

सभा भरली. एकतीस डोकी. म्हणजे एकवीस मतं पाहिजेत. मी उभा राहिलो... उभा तर मी असतोच म्हणा... आणि बोललो. वय, करुणा, बदलता काळ, खेळ सर्वांचा असतो. चांगलं बोललो. मला वाटतं चांगलं बोललो, पण मला हल्ली काही नक्की सांगता येत नाही. मग आमची चिटणीस डेल्मा उठली, चष्मा चढवला आणि म्हणाली, "आधी मूळ टिपण वाचावं लागेल, तशी पद्धत आहे." आणि वाचलं की हो तिने! चारही पानं! आणि काय सांगू, फार चांगलं लिहिलंय. "ज्याच्या हाताला गवत लागत नाही, त्याचा चेंडू त्याचा नसतो, तो काठीचा असतो." लोक माना डोलावत होते. मीसुद्धा एकदा डोलावली, सवयीने. आणि शेवटचं वाक्य: "ज्याला वाकता येत नाही, त्याने बाकड्यावर बसून इतरांचा खेळ पाहावा. खेळ पाहणे हाही खेळाचाच सन्माननीय भाग आहे."

सगळा हॉल बाकड्यावर बसणाऱ्या माणसाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. क्लॅरी पुढे बसून कान खाजवत होता.

"नियम रद्द करण्याच्या बाजूने?" डेल्माने विचारलं. हात वर झाले. क्लॅरीचा सगळ्यात आधी. माझा. मग इकडे एक, तिकडे तीन, मागच्या रांगेतले सगळे... मी मोजत होतो, मनातल्या मनात नाही, ओठ हलवून मोजत होतो. अठरा. एकोणीस. वीस.

वीस!

कमरेत वळता येत नाही मला, म्हणून सगळाच्या सगळा वळलो, पावलांनी, घड्याळाच्या काट्यासारखा, बघायला की कुणाचा राहिला. शेजारच्या खुर्चीत ग्लेनिस बसली होती. पर्स मांडीवर. दोन्ही हात पर्सवर.

"ग्लेनिस," मी कुजबुजलो, "हात!"

ती समोर बघत होती.

"ग्लेनिस, अगं, एकच कमी आहे!"

"मोजता येतं मला," ती म्हणाली.

डेल्माने विचारलं, विरुद्ध? दहा हात गेले वर. आणि अकरावा माझ्या शेजारून.

सभा संपली, गाडीत बसलो. ती चालवत होती, मी आपला सीट मागे पाडून छताकडे बघत होतो. पूल ओलांडल्यावर मी म्हटलं, "बायको आहेस ना माझी?"

"त्या वेळीही होते," ग्लेनिस म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी क्लॅरी याच हॉलमध्ये उभा राहून हेच सगळं म्हणाला होता. तुझ्याइतकं सुरेख नाही म्हणाला. चार वाक्यं म्हणाला आणि घाम पुसून खाली बसला. तेव्हा मी तुझ्या बाजूने हात वर केला होता, लिंडसे. बायको म्हणून. घरी येऊन मला जेवण गेलं नव्हतं, तू दोनदा वाढून घेतलं होतंस."

"पण आज तर क्लॅरीनेच..."

"क्लॅरी भला माणूस आहे. म्हणून काय त्याची बारा वर्षं फुकट? त्याच्यासाठी नियम हलला नाही आणि तुझ्यासाठी एका दुपारात हलायचा? बारा आठवडे तरी बस की त्या बाकड्यावर."

माझ्याकडे याला तळटीपसुद्धा नव्हती.

आणि पुढचं ऐका, पुढचं ऐका! कप्तानाची जागा रिकामी झाली ना? समितीने कुणाला नेमलं? ग्लेनिसला! आता माझ्या मनात काय आलं असेल सांगा. आलंच. रात्री पडल्या पडल्या आलं, की म्हणून तर नाही ना... छे, छे. ग्लेनिस तशी नाही. एकतीस जणांत असा विचार करणारा एकच आहे आणि तो का करतो तेही मला माहीत आहे. कारण त्याने स्वतः तेच केलं होतं. तेहतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, नदीचं वळण सरळ केलंत तर खुश होऊ नका, तिचा जोर जात नाही, तो पुढच्या काठावर निघतो आणि तो काठ खचतो. माझी पाठ सरळ केली, जोर कुठे निघाला बघा!

तर काल पहिला शनिवार होता. ऊन मस्त, हिरवळ कशी गालिच्यासारखी कापलेली, सॉसेजचा वास. ग्लेनिस त्या टोकाला उभी, पांढरी टोपी, खुणा करतेय, 'थोडा डावीकडून, थोडा कमी जोर'. आणि चांगली करते हो! माझ्यापेक्षा चांगली. सगळे तिच्याकडे बघतात आणि ती कुणाला धरून उभी नसते.

मी कुंपणापाशी गेलो. क्लॅरीने मला बघितलं, टोपी उचलली, बाकड्यावर सरकला. बारा वर्षं मधोमध बसणारा माणूस, सरकला! "ये, मास्तर. पुष्कळ जागा आहे."

बसलो. शेजारी शेजारी. मला म्हणायचं होतं, क्लॅरी, चुकलं रे माझं, बारा वर्षांपूर्वी. तोंडात आलंच होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "दाखव बघू, काय केलं त्यांनी तुझं." मी सदरा वर केला. तो चष्मा पुसून, वाकून, हो, वाकून, बघत राहिला.

"एवढीच?" म्हणाला.

"हो," म्हटलं. "भोकं अगदी लहान."

"मग आत काय एवढं गेलं रे?"

याला मी काय सांगणार... आणि सांगायच्या आत वीस मिनिटं झाली. वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही ना! माझ्या स्वतःच्या नियमाने बाकड्यावर बसून बघायचं आणि डॉक्टरांच्या नियमाने बसायचं नाही. म्हणून उठलो, कुंपणाला हात लावून उभा राहिलो. ताठ. अगदी ताठ. पूर्वीपेक्षा पाच सेंटिमीटर उंच झालोय, मोजलंय मी. तिकडे ग्लेनिस शेवटचा चेंडू टाकायला चटईवर आली, वाकली, हात गवताला लागला, आणि चेंडू असं काही वळण घ्यायला लागला की सगळ्या मैदानाने श्वास रोखला. आणि तेवढ्यात मागून, बाकड्यावरून, क्लॅरीचा आवाज आला,

"मास्तर, जरा वाक की! मला काही दिसत नाही!"